आखाडातला मांडव

आखाडात मांडववाल्याला कुत्रं विचारत नाही. लग्नं नाहीत, हळदी नाहीत, आणि बारसं असलं तरी पावसाला भिऊन लोक हॉल घेतात. बदलापूरजवळच्या खरवईच्या 'जय गावदेवी मंडप डेकोरेटर्स'चा मालक हरिचंद्र भोईर या दिवसांत गोदामात बसतो, बांबूंना वाळवी लागली का ते बघतो, आणि लागली नसली तरी गड्यांवर खेकसतो. गणपती येईपर्यंत त्याला दुसरं काम नसतं.

रविवारी मात्र घरी मटण असतं. आणि आखाडातला शेवटचा रविवार म्हणजे तर विचारायलाच नको, कारण पुढे श्रावण, म्हणजे महिनाभर डाळ. अशा रविवारी सकाळी हरिचंद्र टेम्पो घेऊन बदलापूरहून अंबरनाथला निघाला होता आणि त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. शेजारी मुलगी रिद्धी बसली होती. मागे, जुन्या मांडवाच्या कापडात गुंडाळलेला, तिचा पोल.

पोल म्हणजे पोल व्हॉल्टचा. लांबलचक काठी घेऊन पळत यायचं, काठीचं टोक जमिनीतल्या खोक्यात रोवायचं, काठी वाकली की तिच्या जोरावर पाय वर करून आडव्या दांडीवरून जायचं आणि पलीकडच्या गादीवर पडायचं. रिद्धीनं पहिल्यांदा हा खेळ समजावून सांगितला, तेव्हा हरिचंद्रनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला होता, "पराचाच हाय, तं वर कशाला जावाचा?"

पोल रिक्षात मावत नाही. म्हणून प्रत्येक स्पर्धेला बापाचा टेम्पो लागायचा, आणि टेम्पो लागला की बापही लागायचा. पण आजवर हरिचंद्र मैदानाच्या आत कधी गेला नव्हता. टेम्पो फाटकाबाहेर लावायचा, पाठ मैदानाकडे करायची आणि चहा पीत बसायचं, असा त्याचा नेम. आतून टाळ्यांचा आवाज आला तरी तो मान वळवत नसे.

याला कारण होतं. तरुणपणी शहाडला एका लग्नाचा मांडव घालताना हरिचंद्र ओल्या बांबूवरून खाली आला होता. पाय जोडला गेला, पण वाकडा. अजून तो जरा लंगडत चालतो. तेव्हापासून त्याच्याकडचा गडी ओल्या बांबूवर चढला तर संध्याकाळी त्याला कामावरून घरी पाठवलं जाई. आणि इथे त्याची सख्खी पोर भर पावसाळ्यात काठीला लोंबकळून आभाळात जाणार! बारावी झाल्यावर त्यानं तिला स्वच्छ सांगितलं होतं, "औंदा राज्याच्या स्पर्धेसाठी नाव आला तं पुढं खेल. नाय आला तं बास झाला. कॉलेज कर, मजा कर, पन पाय जमिनीवं ठेव." रिद्धी 'बरं' म्हणाली होती. ती बापासारखीच, दिलेला शब्द पाळणारी. आज त्या निवडीची शेवटची चाचणी होती. तीन मीटरची दांडी पार करणाऱ्या मुलीचं नाव पुढे जाणार होतं.

टेम्पो अंबरनाथच्या त्या शाळेच्या मैदानाशी पोचला तेव्हा पाऊस असा काही लागला होता, की गेटवरच्या वॉचमनची छत्रीसुद्धा गळत होती.

मैदानावर सगळे व्हरांड्यात दाटीवाटीनं उभे होते. धावण्याच्या शर्यती चिखलातच उरकल्या होत्या, गोळाफेकवाले गोळे पुसत घरी गेले होते. राहिला होता पोल व्हॉल्ट. मुख्य पंच महेंद्र सर, अंगानं गोल आणि स्वभावानं त्याहून गोल, हातातल्या कागदांवर पाणी पडू नये म्हणून ते पोटाशी धरून उभे होते. रिद्धीच्या प्रशिक्षक उमा मॅडम त्यांच्यासमोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. उमा मॅडम अंबरनाथच्याच. एके काळी स्वतः उड्या मारायच्या, आता एका शाळेत खेळ शिकवायच्या.

"मॅडम, एकेक उडी घेऊन टाकू," महेंद्र सर म्हणत होते. "दोनच तर मुली आहेत. तुमची रिद्धी आणि ती ऋता."

"पळायची पट्टी ओली आहे, पोल ओला होणार, हात ओले होणार, आणि खोक्यात पाणी भरलंय," उमा मॅडम म्हणाल्या. "यातलं एक जरी ओलं असेल तर माझी मुलगी उडी मारणार नाही. ऋतालाही मी मारू देणार नाही, ती माझी नसली तरी."

"मग मी काय करू? दुपारपर्यंत पट्टी सुकली नाही तर मला 'रद्द' लिहावं लागेल. या प्रकारात आपल्याकडून कोणीच जाणार नाही."

ऋता डोळे पुसत आईकडे गेली. रिद्धी फाटकाबाहेर आली आणि टेम्पोत येऊन बसली.

"काय झाला?" हरिचंद्रनं विचारलं.

"पाऊस."

"मंग?"

"मंग काय? कॅन्सल होनार." ती समोरच्या काचेकडे बघत होती. वायपर बंद होता. "चल बाबा, घरी जाऊ. आईचा मटन तरी गरम खाऊ."

हरिचंद्रला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्याला नको असलेली गोष्ट पाऊस परस्पर मोडत होता, त्यात त्याचं नावसुद्धा येणार नव्हतं. थोडा वेळ आनंद झालाही. त्यानं चावी फिरवली. मग त्यानं पोरीकडे पाहिलं. रिद्धी रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. रडणाऱ्या पोरीला समजावता येतं, भजी खाऊ घालता येतात. ही नुसती बसली होती, दोन्ही हात उताणे मांडीवर ठेवून. तळव्यांना घट्टे पडलेले होते. हरिचंद्रनं ते घट्टे पहिल्यांदाच पाहिले. त्याच्या गड्यांच्या हातांना असतात तसेच, बोटांच्या मुळाशी.

आणि दुसरी एक गोष्ट त्याच्या डोक्यात गेली. कॅन्सल! पावसामुळे! हरिचंद्र भोईरच्या उभ्या आयुष्यात पावसामुळे एकही कार्यक्रम मोडला नव्हता. अवकाळी पावसात, वादळात, एकदा तर वालधुनी नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना त्यानं हळद लावून दिली होती. गावजेवणाच्या पंगती कोरड्या उठवल्या होत्या. आणि त्याच्या स्वतःच्या पोरीचा कार्यक्रम तेवढा पावसानं मोडायचा? लोक काय म्हणतील? मांडववाल्याची पोर भिजली म्हणून परत गेली?

त्यानं टेम्पो बंद केला आणि लंगडत, छत्रीबित्री न घेता, फाटकातून आत गेला.

"सर," तो महेंद्र सरांना म्हणाला, "तुमची ती पलाची पट्टी लांब किती न् रुंद किती?"

"का हो?"

"मांडव घालतो."

महेंद्र सरांना वाटलं, हा माणूस सकाळीच घेऊन आलाय. उमा मॅडमनी मात्र त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही रिद्धीचे वडील ना? पट्टीवर छप्पर घालणार?"

"छप्पर घालतो, पट्टी फडक्यानं पुसून कोरडी करतो, बाजूनं चर खनतो. तुमी खाली काय कराचा त्ये बोला."

उमा मॅडम बोलायला लागल्या. पट्टी कोरडी हवी. खोक्यातलं पाणी प्रत्येक उडीआधी टिपून काढायचं. गादीवर प्लास्टिक, ते उडीच्या आधी ओढून घ्यायचं. पोल कपड्यात गुंडाळलेला राहील, हात पुसायला कोरडी फडकी असतील. गादीच्या आसपास दोरी, खुंटी, बांबू काही नको. पडताना मुलगी कुठेही पडू शकते. "आणि एवढं करूनही मला पटलं नाही तर उडी नाही. मग तुम्ही रागवायचं नाही."

हरिचंद्रनं मान हलवली. ही बाई त्याला एकदम आवडली. ओल्या बांबूबद्दल तो गड्यांशी बोलायचा त्याच आवाजात ती बोलत होती. रोज चार वाजता सरावाला आपली पोर कोणाच्या हाती जाते, ते त्याला आज कळत होतं.

महेंद्र सरांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं आणि म्हणाले, "घाला बुवा. मला रद्द लिहायला कुठे आवडतंय?"

मग काय विचारता! दिपेश आणि विनीत, त्याचे दोन जुने गडी, मटणाच्या वाटीवरून उठून दुसऱ्या टेम्पोत बांबू भरून निघाले. उल्हासनगरच्या नारीसेठला फोन गेला. नारीसेठ ताडपत्री आणि प्लास्टिकचा व्यापारी. रविवार असूनही त्यानं दुकानाचं शटर वर केलं. "साईं, आखाड में शादी? लडकी भाग रही है क्या?" असं विचारलं, आणि खरी हकिकत कळल्यावर सगळ्यात जाड प्लास्टिक पाठवलं. "बेटी गिरेगी तो फोम पे गिरेगी ना? फोम मेरे भाई की दुकान का है, टेन्शन नको," असंही वर सांगितलं.

ओल्या बांबूवर कोणीही चढलं नाही. सगळी बांधाबांध जमिनीवर झाली, मग एकेक चौकट उभी करून घोड्यावरून, म्हणजे दुपाखी शिडीवरून, वरच्या गाठी मारल्या. वर ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली गोदामात हाताला लागलं ते कापड. ते नेमकं हळदीचं निघालं, पिवळं धमक, लाल झालरीचं. पावसात करड्या पडलेल्या त्या मैदानावर असा झगझगीत लांबच लांब मांडव उभा राहिला, की रस्त्यावरच्या रिक्षा थांबायला लागल्या. एका बाईनं आत येऊन चौकशी केली, नवरी कुठली. ऋताची आई तर मांडवात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, आता फक्त सरबत हवं.

हरिचंद्र कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत होता. पट्टी पुसून कोरडी ठक्क झाली होती. एक थेंब आत येत नव्हता.

"चल बाय," तो रिद्धीला म्हणाला, "पल आता."

रिद्धीचा चेहरा उजळला होता. तिनं पोल सोडवला, हाताला पांढरी पावडर लावली आणि पट्टीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. महेंद्र सर कौतुकानं मांडवात, तिच्यापासून जरा पुढे, उभे होते. रिद्धीनं पोल उचलला. उचलला तो खांद्यावर आडवा नाही, तर उभा, टोक आभाळाकडे. आणि ते टोक थेट मांडवाच्या छताला लागलं.

छताला लागलं तेही कुठे? दोन बांबूंच्या मध्ये ताडपत्रीनं पोट सोडलं होतं आणि त्या पोटात तासाभराचं पाणी साठलं होतं. पोलचा धक्का बसला, ताडपत्री एका बाजूला कलली, आणि सगळं पाणी हळदीच्या कापडातून पिवळं होऊन महेंद्र सरांच्या डोक्यावर आलं.

महेंद्र सर कागद पोटाशी धरून तसेच उभे होते. कपाळावरून पिवळे ओघळ येत होते.

"हळद लागली," ऋताची आई म्हणाली.

मग जे हसू फुटलं, ते आवरेना. महेंद्र सर स्वतःच इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसला नाही तो एकटा हरिचंद्र. तो छताकडे बघत होता आणि त्याला घाम फुटला होता.

"तू काठी अशी उभी धरतंस?" त्यानं विचारलं.

"सुरुवातीला उभीच धरतात, बाबा. मग पलता पलता खाली आनायची."

"मना वाटला, आडवी नेतात. आमी वासा नेतो तसा."

उमा मॅडम हसू दाबत जवळ आल्या. "भाऊ, एक विचारू? तुम्ही हिला उडी मारताना कधी बघितलंय?"

हरिचंद्रनं मान खाली घातली. मांडव घालण्याआधी जागा बघायची, माणूस कुठून येणार, कुठे बसणार, वऱ्हाड कुठून वळणार ते बघायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. तो धडा तो नव्या गड्यांना शिव्या घालून शिकवायचा. आणि स्वतःच्या पोरीसाठी त्यानं नवरा-नवरी चालत येतात त्या उंचीचा मांडव घातला होता, कारण ती काय करते ते त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली, की त्याला महेंद्र सरांची माफी मागायचंही सुचेना.

"दाव मना," तो रिद्धीला म्हणाला. "सगला. सुरुवातीपासून."

रिद्धीनं दाखवलं. हळूहळू, गादीजवळ न जाता, नुसतं चालत. पोल असा उभा धरायचा. इथून टोक खाली यायला लागतं. इथे खोक्यात रोवायचं, त्याआधी हात डोक्याच्या वर गेलेले हवेत. पावसाळ्यात पोल जरा खालून धरायचा, म्हणजे तो वाकतो कमी आणि ताबा राहतो. उंची थोडी जाते, पण माणूस राहतो. आणि हात जरा जरी सरकला तर जायचं नाही, पळत पुढे निघून जायचं किंवा थांबायचं. हे सगळं ती बापाला सांगत होती आणि बाप तोंडानं 'हां, हां' करत मनात बांबू लावत होता.

"दिपेश!" तो ओरडला. "कमानीचं बांबू काड. मोठं. दोनी टोकांना कमानी घालू. इकरनं उंच, मधी खाली, तिकरच्या तोंडाला त्याहून उंच. आनि छताला मधी आढं दे, पानी साचता कामा नये."

दोन्ही टोकांना उचललेला तो मांडव फारच विचित्र दिसायला लागला. पण आता पोल उभा मावत होता आणि पाणी दोन्ही बाजूंनी चरात पडत होतं. खोका आणि गादी तेवढी उघड्यावर राहिली. तिथे विनीत प्लास्टिक ओढायला उभा राहिला आणि दिपेश स्पंज घेऊन खोक्याशी बसला. मांडवाच्या तोंडाशी, जिथून मुली जमिनीवरून पाय उचलणार होत्या, तिथे वाऱ्यानं झड आत येत होती. तिथे एक पडदा लागला आणि तो धरायला माणूस लागला. हरिचंद्र स्वतः उभा राहिला. म्हणजे आता पाठ फिरवायची सोय राहिली नव्हती.

स्पर्धा सुरू झाली. ऋता दोन उंच्या छान गेली आणि तीन मीटरच्या आधीच तिची दांडी पडली. पण ती गादीवरून उठली ती खूश होऊन, कारण तिनं तिची स्वतःची आजवरची सगळ्यात उंच उडी मारली होती. रिद्धी सुरुवातीच्या उंच्या सहज गेली. प्रत्येक उडीला हरिचंद्रनं डोळे मिटले. पडद्याची दोरी दोन्ही हातांत गच्च, आणि डोळे मिटलेले. गादीवर धप्प आवाज झाला की उघडायचे.

मग दांडी तीन मीटरवर चढली. प्रत्येकीला तीन संधी.

पहिल्यांदा रिद्धीची मांडी लागली, दांडी पडली. दुसऱ्यांदा ती वर छान गेली, पण उतरताना हात लागला, दांडी क्षणभर थरथरली आणि पडली. ते हरिचंद्रनं बघितलं नाही, पण लोकांचा 'अरेरे' ऐकला.

आता शेवटची. तेवढ्यात पावसाला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, वारा फिरला आणि झड नेमकी मांडवाच्या तोंडातून आत घुसायला लागली. हरिचंद्रनं पडदा जीव खाऊन ताणला. महेंद्र सरांनी घड्याळ लावलं. मिनिटभरात उडी व्हायला हवी होती.

रिद्धी धावत आली. या खेपेला डोळे मिटायला हरिचंद्रला जमलं नाही, कारण वारा पडदा हिसकत होता आणि डोळे मिटले तर दोरी सुटली असती. म्हणून त्यानं तिला पाहिलं. पिवळ्या छताखालून ती येत होती, ओठ घट्ट मिटलेले, पोलचं टोक खाली येत होतं, पाय जमिनीला लागतात न लागतात असे. ही आपली पोर? त्याला ओळखूच येईना. आणि उडीच्या अगदी जागेवर आल्यावर ती थांबली. बूट करकरवत, पोल तसाच हातात धरून, थांबली.

"जा ना!" व्हरांड्यातून कोणीतरी ओरडलं. "टाइम जाईल! मार!"

"हात सरकला," उमा मॅडम शांतपणे म्हणाल्या, हरिचंद्रला ऐकू जाईल इतपतच. "वरचा हात. पाणी गेलंय."

शहाडच्या त्या बांबूवर हरिचंद्रचाही हात आधी सरकला होता. नीट कळलं होतं त्याला, की आता खाली उतरावं. पण खाली वऱ्हाड उभं होतं, पोरी बघत होत्या, कोणीतरी 'चढ रे' म्हणालं होतं, आणि तो चढला होता. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दोष तो नेहमी बांबूलाच द्यायचा. आणि ही एवढीशी पोर, सगळ्यांदेखत, शेवटच्या संधीला, घड्याळ चालू असताना थांबली होती. इतकी वर्षं हरिचंद्र जिला थांबवायला बघत होता, तिला थांबता येत होतं. त्याच्या छातीवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं.

"फडका!" रिद्धी ओरडली. "बाबा, कोरडा फडका!"

फडकी होती, ती सगळी एव्हाना भिजली होती. हरिचंद्रनं खांद्यावरचा पंचा चाचपला, तो पिळून निघाला असता. मग त्यानं एका हातानं पडद्याची दोरी धरली आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या बांबूला आतून लावलेली लाल झालर टरकन फाडली. नवी झालर होती. गणपतीसाठी आणलेली.

"घे!"

रिद्धीनं तळवे पुसले, पोल पुसला, पावडर चोळली आणि झालर तिथेच टाकून धावत परत टोकाशी गेली. महेंद्र सर घड्याळाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ आकडे पुटपुटत होते. ती वळली, पोल उभा केला आणि निघाली.

हरिचंद्रनं सगळं बघितलं. पोल खोक्यात बसला तो आवाज, पोलाला आलेला बाक, जमिनीवरून सुटलेले पाय. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून त्यानं जन्मभर लोकांच्या पोरी रडत बाहेर जाताना पाहिल्या होत्या आणि दर वेळी त्याच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, धंदा असूनसुद्धा. त्याची पोर मांडवातून बाहेर पडली ती पाय आभाळाकडे करून, भर पावसात, दांडीच्या वरून. आणि खाली आली ती हसत.

दांडी जागच्या जागी होती.

महेंद्र सरांनी पांढरा झेंडा असा जोरात वर केला की कपाळावरची उरलेली हळद शिंपडली गेली. ऋता धावत जाऊन गादीवर पडली, रिद्धीच्या अंगावरच. दिपेशनं स्पंज हवेत फेकला. हरिचंद्र दोरी सोडू शकत नव्हता, म्हणून तो तसाच उभा राहून रडला, आणि पाऊस असल्यामुळे ते कोणाला कळणार नाही असं त्याला वाटलं. सगळ्यांना कळलं.

"झालं बरं का भोईर," महेंद्र सर म्हणाले. "नाव पुढे गेलं समजा. पाऊस वाढतोय, सोडा आता मांडव."

"थांबा की," हरिचंद्र म्हणाला. "आता पुढची दांडी किती?"

"तीन दहा. पण निवडीला त्याची गरज नाही."

"गरज नसली म्हनून काय झाला? लावा. ए बाय, ये इकरं! अजून एक मार!"

रिद्धी गादीवरून उतरून मांडवात आली. तिनं ओले हात बापापुढे धरले.

"नको बाबा. हात गार परलेत. आज बास."

"अगो, मी हाय ना! झालर हाय. चार झालरी फारतो, गोदामात अजून हायेत. एकच! मी आताच तं बगाया लागलो!"

"नाय."

"मॅडम, तुमी तरी सांगा तिला!"

"मी नाही सांगणार," उमा मॅडम हसत म्हणाल्या. "आणि तुम्ही रागवायचं नाही, असं ठरलंय आपलं."

हरिचंद्रचा चेहरा लहान मुलाच्या हातून जत्रेतला फुगा काढून घ्यावा तसा झाला. पण तो करणार काय? त्यानं दोरी सोडली. सगळ्यांत मोठा मांडव त्यानं आखाडात घातला होता आणि त्यात पुरती एकच उडी बघायला मिळाली होती. तो गड्यांवर उगाच खेकसला, बांबू टेम्पोत भरताना दोनदा मोजले, आणि पोल स्वतः पुसून, कोरड्या कापडात गुंडाळून, इतर कोणाला हात लावू न देता वर बांधला. मग महेंद्र सरांना गाठून त्यानं विचारलंच, की राज्याच्या स्पर्धेला प्रेक्षकांना अगदी गादीजवळ बसू देतात का, आणि देत नसतील तर तिथे मांडवाचं काम कोणाकडे आहे.